जुनी लष्करी रायफल पारखायची कशी

जुन्या लष्करी रायफलीचं मोल दोन गोष्टींवर ठरतं. कारखान्यातून निघाली तेव्हा ती जशी होती त्यातलं आज किती शिल्लक आहे ही एक, आणि मधल्या काळात तिच्यावर कोणी काय हात चालवला ही दुसरी. चकाकीचा नंबर फार मागे लागतो. ऐंशी वर्षांपूर्वीची रायफल नव्या नवरीसारखी सजून समोर आली, तर जाणकार माणूस किंमत विचारायच्या आधी पॉलिश कोणी केलं ते विचारतो.

पुढचं सगळं मुख्यतः बोल्ट-ॲक्शन रायफली (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, दर गोळीला हातानं मागे-पुढे करावा लागतो त्या) आणि एम१ गॅरंड ही अमेरिकेची आपोआप पुन्हा भरणारी रायफल यांना धरून आहे. बाजारात फिरणारा बहुतेक माल तोच असतो.

हात लावण्याआधी

विकणारा "रिकामी आहे" म्हणाला तरी स्वतः तपासा. नळी सुरक्षित दिशेला धरा, मॅगझिन (काडतुसं ठेवायचा कप्पा) काढा किंवा रिकामं करा, बोल्ट पूर्ण मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीत, टॉर्च मारून पाहा आणि करंगळीनं चाचपा. वर्षानुवर्षं ग्रीसमध्ये पडून राहिलेल्या रायफलीत काडतूस ग्रीसखाली दडलेलं असू शकतं, नुसत्या नजरेला ते दिसत नाही. फ्रेंच लेबेलसारख्या रायफलीत नळीखाली ट्यूबच्या आकाराचं मॅगझिन असतं. तिथे एकदा बोल्ट उघडून भागत नाही, ट्यूब रिकामी आहे याची वेगळी खात्री करावी लागते. गॅरंडचा बोल्ट मागे अडकलेला असताना आत अंगठा घालताना जपून. तो सुटला की अंगठा ठेचतोच.

कायद्याचं आधी विचारून घ्या. कोणत्या सालापर्यंतचं शस्त्र पुरातन मानायचं, निकामी केलेल्या शस्त्राला परवाना लागतो का, आयात कशी करायची, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र पुरातन गटात जातं. ही रेघ दुसऱ्या देशात लागू होईल असं गृहीत धरू नका.

सोबत लागतं ते थोडकंच: प्रखर छोटा टॉर्च, नळीत सोडायचा बोअर लाइट, दहापट मोठं दाखवणारं भिंग, सफाईची सळई आणि कापडी पॅच, खाचेत घट्ट बसणारे स्क्रूड्रायव्हर, आणि फोटो काढायला फोन. स्क्रूड्रायव्हरची पाती खाचेच्या लांबी-जाडीला तंतोतंत बसली नाही तर स्क्रूचं डोकं कुरतडलं जातं, आणि ते कुरतडणं पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक बघतो.

आधी ओळख पटवा

"एनफिल्ड आहे", "माउझर आहे" एवढ्यावर किंमत ठरत नाही. मॉडेल, कारखाना आणि साल, तिन्ही हवेत.

एसएमएलई, म्हणजे ब्रिटिश ली-एनफिल्ड, आपली जुनी थ्री-नॉट-थ्री, हातात घेतली की बोल्टच्या मागे रिसीव्हरचं (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मुख्य लोखंडी सांगाडा) दस्ता ज्यात बसतो ते कडं बघा. उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल. एनफिल्ड, बीएसए, एलएसए, ऑस्ट्रेलियातलं लिथगो आणि भारतातलं ईशापूर ही मुख्य नावं. १९०७ च्या मार्क ३ मध्ये मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं अडवून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची व्हॉली साइट होती. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगानं व्हावं म्हणून मार्क ३ स्टार आली आणि या दोन्ही गोष्टी गळाल्या. जुन्या मार्क ३ रायफलींवरूनही दुरुस्तीच्या वेळी त्या काढल्या गेल्या. म्हणून दोन्ही जागच्या जागी, मूळच्या असलेली मार्क ३ दिसली तर भाव वेगळा. ईशापूरची २ए आणि २ए१ दिसायला एसएमएलईच, पण ती ७.६२ नेटो काडतुसाची. तिचं मॅगझिन जास्त चौकोनी असतं आणि त्यात बारा गोळ्या मावतात. तिला थ्री-नॉट-थ्री समजून घेणारे आजही भेटतात.

एसएमएलईनंतर आलेल्या ब्रिटिश नंबर ४ रायफलीची माहिती बहुधा रिसीव्हरच्या डाव्या अंगावर असते. कॅनडातलं लाँग ब्रँच, अमेरिकेतलं सॅव्हेज आणि ब्रिटनमधले कारखाने यांतला फरक तिथेच कळतो. जर्मन कार ९८के (दुसऱ्या महायुद्धातली माउझर) वर रिसीव्हरच्या गोल कड्याच्या माथ्यावर कारखान्याचा सांकेतिक शब्द आणि साल असतं. "बीवायएफ" म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, "बीएनझेड" म्हणजे स्टायर, "डीओटी" म्हणजे ब्रनो. रशियन मोसिन-नागांतवर नळीच्या मुळाशी बघायचं: तारा आणि बाण असेल तर तुला कारखाना, त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क. त्याच रायफलीवर चौकटीत "एसए" अक्षरं असतील तर ती फिनलंडच्या लष्करात गेली होती, आणि बरेच संग्राहक अशी मोसिन मुद्दाम शोधत असतात. जपानी अरिसाकाच्या रिसीव्हरवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं. शरणागतीच्या वेळी अनेक रायफलींवरचं ते घासून काढलं गेलं. फूल शाबूत असलेली आणि घासलेली यांच्या भावात मोठं अंतर असतं. अर्धवट घासलेलं फूल पुन्हा कोरण्याचे उद्योगही झालेले आहेत, तेव्हा पाकळ्यांच्या कडा भिंगाखाली बघा.

नंबर जुळतात का

ही पारख सगळ्यात जास्त पैशांची, म्हणून घाई करू नका.

युरोपातल्या बहुतेक लष्करांनी एकाच रायफलीच्या अनेक सुट्या भागांवर तोच क्रमांक मारला. एसएमएलईत रिसीव्हर, नळी, बोल्ट, मागच्या साइटची पट्टी, पुढचं लाकूड आणि नाकाडं म्हणजे नोजकॅप इथे क्रमांक सापडतो. कार ९८के मध्ये तर बोल्टचे भाग, चापाची चौकट, तळपट्टी (दस्त्याच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी), बँड (नळी आणि लाकूड एकत्र धरणारं कडं) आणि लाकडाचा आतला भाग यांवरही, लहान भागांवर फक्त शेवटचे दोन अंक. प्रत्येक ठिकाणचा क्रमांक वहीत लिहा आणि फोटो काढा. बोल्ट न जुळणं हा सगळ्यात नेहमीचा दोष. साठवणीत बोल्ट वेगळे ठेवले जायचे, परत बसवताना अदलाबदल व्हायची.

इथे दोन चुका वारंवार होतात. एक, १९४४-४५ च्या जर्मन रायफलींत सुट्या भागांवर क्रमांक मारणंच कमी झालं होतं. तिथे क्रमांक नसणं हा दोष नाही, उलट भलत्या जागी ताजा क्रमांक असणं संशयाचं. दुसरी, अमेरिकन रायफलींत हा नियमच चालत नाही. गॅरंडवर रायफलीचा क्रमांक फक्त रिसीव्हरवर असतो. बाकीच्या भागांवर दिसतात ते ड्रॉइंग नंबर, म्हणजे त्या भागाच्या आराखड्याचे क्रमांक, आणि ते एकमेकांशी जुळायचे नसतात. तिथे प्रश्न असा असतो की हा भाग त्या रिसीव्हरच्या काळाशी आणि कारखान्याशी बसतो का. स्प्रिंगफिल्डच्या १९४३ च्या रिसीव्हरवर १९५२ च्या तारखेची नळी असेल तर ती रायफल मधे केव्हातरी शस्त्रागारात नव्यानं बांधली गेली. तशी बांधणी लष्करानं सर्रास केली, त्यात फसवणूक काही नाही. पण "कारखान्यातून निघाल्यापासून जशीच्या तशी" म्हणून तिचा भाव देऊ नका.

जुळवलेला नंबर आणि जुळणारा नंबर यांत फरक असतो. लष्करानंच दुरुस्तीच्या वेळी जुना क्रमांक खोडून नवा मारला तर संग्राहक त्याला "फोर्स मॅच" म्हणतात. सोव्हिएत फौजांनी हस्तगत केलेल्या कार ९८के याचं ठळक उदाहरण: रिसीव्हरवर "एक्स"सारखी खूण, मूळ पांढरा असायचा तो बोल्ट काळा केलेला, लाकडावर लालसर शेलॅक (लाखेचं वार्निश), आणि भागांवर इलेक्ट्रिक पेन्सिलनं लिहिलेले आकडे. ही प्रामाणिक इतिहास असलेली रायफल आहे आणि वापरायला चांगली, पण न हललेल्या मूळ रायफलीपेक्षा बरीच स्वस्त.

खासगी माणसानं बाजारासाठी जुळवलेला नंबर ओळखायचा तर ठशाची कड बघा. जुना ठसा मुलाम्याच्या आधीचा असतो, त्यामुळे खाचेच्या तळापर्यंत रंग सारखा. नव्या ठशाभोवती धातू किंचित उचललेला, तळ चमकता किंवा वेगळ्या छटेचा असतो. जुना क्रमांक घासला असेल तर तिथे उथळ खोलगट जागा दिसते. तिथे पट्टी उभी धरून मागून उजेड सोडा, फट लगेच कळते.

लोखंड

जुन्या रायफलीचा मुलामा झिजतो तो हाताच्या आणि वापराच्या जागी: बोल्टची मूठ, तळपट्टी, नळीचं टोक, मॅगझिनच्या कडा. झीज तिथे असेल आणि बाकी ठिकाणी मुलामा टिकलेला असेल तर ते नैसर्गिक. सगळीकडे एकसारखा गडद, ताजा रंग असेल तर पुन्हा ब्लूइंग (लोखंडावर चढवलेला निळसर-काळा मुलामा) केलेलं असण्याची शक्यता जास्त. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पॉलिशच्या चाकानं कडा गोलावतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि गंजाच्या खड्ड्यांच्या आतसुद्धा रंग दिसतो. खड्डे आधी पडले, रंग नंतर चढला, हे तिथेच सिद्ध होतं.

तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर म्हणजे पॅटिना. तो काढू नये. नारिंगी पावडर बोटाला लागते तो चालू गंज. तेलाचा कापूस आणि मऊ कांस्याची लोकर एवढ्यावर तो थांबवता येतो. रासायनिक गंजनाशकानं गंजाबरोबर उरलेला मूळ मुलामाही जातो.

खरा त्रास लाकडाखाली असतो. ओलं लाकूड नळीला चिकटून वर्षानुवर्षं राहतं आणि वरून सुंदर दिसणाऱ्या रायफलीची नळी खालच्या बाजूनं खड्ड्यांनी भरलेली निघते. मालकाची परवानगी असेल तर पुढचं लाकूड काढून बघाच. एसएमएलई उघडताना मात्र एक गोष्ट न विसरता पाळा: आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच दस्त्याचा लांब बोल्ट फिरवायचा. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. तो आधी फिरवला तर टोक लाकूडच फोडतं. बाजारात मागून चिरलेली पुढची लाकडं दिसतात त्यांतली बरीच याच घाईची.

अमेरिकन १९०३ स्प्रिंगफिल्ड घेताना रिसीव्हरचा क्रमांक आधी वाचा. स्प्रिंगफिल्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या रिसीव्हरचं उष्णतोपचार जुन्या पद्धतीचं होतं. भट्टीचं तापमान डोळ्यानं रंग पाहून ठरवलं जायचं, काही रिसीव्हर जास्त तापले आणि ठिसूळ झाले. असे रिसीव्हर फुटल्याची नोंद आहे. भिंतीवर लावायला हरकत नाही, गोळी झाडायला नाही. एनफिल्डवर "डीपी" असा ठसा असेल तर ती कवायतीसाठी बाजूला काढलेली, तिलाही हाच नियम.

लाकूड

लाकूड मूळचं असेल तर ते धातूच्या पातळीपेक्षा किंचित उंच असतं. तळपट्टीची कड लाकडाबाहेर आलेली बोटाला लागली, तर लाकूड पॉलिशपेपरनं घासलं गेलंय. घासलेल्या लाकडावर तपासनिसाचे गोल किंवा चौकोनी ठसे पुसट होतात किंवा नाहीसेच होतात, आणि संग्राहक पैसे देतो ते याच ठशांचे. चकचकीत पॉलीयुरेथेनचा थर दिसला की समजा घरगुती हौस.

तडे शोधायच्या जागा: दस्त्याची मान, रिसीव्हरच्या शेपटीमागे, आणि मागचा धक्का लाकूड झेलतं ती जागा. स्वच्छ केलेल्या लाकडात तडा दिसत नाही म्हणून टॉर्च आडवा धरा. लष्करानं केलेली दुरुस्ती, म्हणजे लाकडाची नीट बसवलेली चकती किंवा आडवी कॉपरची पिन, हा दोष मानत नाहीत. ईशापूरच्या रायफलींत पुढच्या लाकडात आडवा घातलेला मजबुतीचा स्क्रूही लष्करीच. एपॉक्सी आणि खिळे मात्र वेगळी गोष्ट.

बँडखाली लाकूड आडवं कापून पुन्हा जोडलेलं असेल तर तो "डफल कट". परत जाणाऱ्या सैनिकांनी रायफल पिशवीत मावावी म्हणून तो केलेला असे. किंमत घटते, पण बाकी सगळं मूळ असेल तर रायफल सोडू नका. पुढचं लाकूड कापून शिकारीची रायफल बनवलेली असेल किंवा रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली असतील, तर संग्रहाच्या दृष्टीनं ती फक्त सुट्या भागांची. कापलेलं लाकूड बदलता येतं, रिसीव्हरमधली भोकं नाही.

स्विस के३१ ची तळपट्टी उघडायला मिळाली तर आवर्जून उघडा. आत कधी कधी ती रायफल ज्याच्या हाती होती त्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी निघते. ती तिथेच, तशीच ठेवा. स्वीडिश माउझरच्या दस्त्यावरची पितळी चकतीही वाचून ठेवा, तिच्यावर नळीची त्या वेळची अवस्था नोंदलेली असते.

नळी

नळी आधी स्वच्छ करा, मग मत बनवा. ग्रीसनं भरलेली नळी काळी, खराब भासते आणि दोन-चार पॅच फिरवले की आरशासारखी निघू शकते. उलटही होतं: तेल चोपडलेली नळी चमकते आणि तेल पुसलं की करडे ठिपके वर येतात.

बोल्ट काढून मागून बघा. चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, टोकदार कडांचे आणि शेवटपर्यंत सलग दिसले पाहिजेत. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. झाडल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि गंज चढवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून नुसतं तेल लावून ठेवलेल्या कितीतरी नळ्या आतून खाल्ल्या गेल्या. बारीक करडा दाणेदारपणा चालतो, नेमबाजीवर त्याचा परिणाम बहुधा कमी. चरांच्या मधला उंचवटाच खाल्ला गेला असेल तर नाही.

तोंडाकडची झीज पाहायला सुटी गोळी किंवा बिनदारूचं डमी काडतूस तोंडात टेकवा. जिवंत काडतूस नको. गोळीचा पुढचा भाग थोडा आत जाऊन ती बाहेरच अडकली तर बरं, काडतुसाच्या कडेपर्यंत आत बुडाली तर तोंड झिजलंय. गॅरंड मागून साफ करता येत नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते, म्हणून तिचं तोंड सळईच्या घासण्यानंच झिजतं. तिच्यासाठी तोंडाची आणि घशाची (चेंबरपुढे चर सुरू होतात ती जागा) वेगवेगळी गेज म्हणजे मापं मिळतात, आणि विकणाऱ्यानं दोन्ही आकडे सांगितले पाहिजेत. मोसिनच्या तोंडाशी चर दिसत नसतील आणि काही अंतर आत गेल्यावर अचानक सुरू होत असतील, तर ती शस्त्रागारानं काउंटरबोअर केलेली: झिजलेला भाग पोखरून चर नव्या जागेपासून सुरू केले. नेम चांगला लागू शकतो, संग्राहकाचा भाव मात्र थोडा उतरतो.

झाडायची असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या डोक्यापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर, गेजनंच तपासा, अंदाजानं नाही. थ्री-नॉट-थ्रीचं लष्करी माप ०.०६४ ते ०.०७४ इंच. नंबर ४ मध्ये बोल्टचं डोकं बदलून हे जुळवता येतं, ० ते ३ असे चार क्रमांक त्यासाठीच होते. डोकं ३ क्रमांकाचं असूनही ०.०७४ च्या गेजवर बोल्ट बंद होत असेल, तर ती ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि रिसीव्हरची जोडी, झिजलेली आहे.

नकली आणि बनावट

पैसा जिथे जास्त तिथे बनावट जास्त, आणि सगळ्यात जास्त ती स्नायपर रायफलींत. खऱ्या नंबर ४ (टी), म्हणजे नंबर ४ च्या स्नायपर, रायफलीच्या रिसीव्हरच्या डाव्या अंगावर "टी" असतो आणि दस्त्याच्या मानेवर वरच्या बाजूला दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. तो क्रमांक आणि दुर्बीण जुळत असेल तर भाव गगनाला. फक्त दुर्बिणीचा कंस चढवून ती "टी" होत नाही. मोसिनची स्नायपर घेताना कंसाच्या भोकांचे आटे, रिसीव्हरवरचे जुने ठसे आणि वाकवलेला बोल्ट एकाच काळाचे दिसतात का ते बघा. भोकं बुजवून सपाट केलेली सापडली तर ती कधीकाळी खरी स्नायपर होती आणि नंतर साधी केली गेली. हाही प्रामाणिक माल आहे.

नंबर ५, म्हणजे नंबर ४ ची आखूड, हलकी "जंगल कार्बाइन", ही दुसरी मोठी फसवणुकीची जागा. खऱ्या नंबर ५ च्या नळीच्या मुळाशी जाड भागावर वजन कमी करायला खोबणी कोरलेल्या असतात, रिसीव्हरही हलका केलेला असतो. लाकूड काढलं की दिसतं. एसएमएलई किंवा नंबर ४ कापून, पुढे शंकूचा आकार लावून केलेल्या नकलेत या खोबणी नसतात.

किंमत

मागितलेली किंमत ही किंमत नाही. लिलावगृहांच्या वेबसाइटवर विकलेल्या वस्तूंचे भाव शोधा, त्याच मॉडेलच्या, त्याच कारखान्याच्या आणि जवळच्या सालाच्या. चार-पाच सौदे मिळाले की वरचा आणि खालचा टोकाचा सोडा आणि मधल्यांशी आपली रायफल ताडून पाहा.

मग वजावटी करा. बोल्ट जुळत नाही, लाकूड घासलेलं, ब्लूइंग नवं: यातला प्रत्येक दोष भाव खाली ओढतो आणि दोन दोष एकत्र आले की नुकसान बेरजेपेक्षा जास्त. रिसीव्हरला भोकं असतील तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. आयात करणाऱ्यानं नळीवर किंवा रिसीव्हरवर मारलेला मोठा ठसाही काहींना खटकतो. तो लहान आणि नळीखाली दडलेला असेल तर कमी. याउलट मूळ पट्टा, जुळणाऱ्या काळाची संगीन, सफाईची सळई आणि हस्तगत केल्याचे लष्करी कागद मोलात भर घालतात. कागदांवरचा क्रमांक रायफलीशी जुळला तरच. संगीन आणि पट्टा यांचे पैसे वेगळे धरा, कारण ते कुठूनही आणून जोडता येतात.

विकणारा "नव्वद टक्के फिनिश" म्हणाला तर कुठला फिनिश ते विचारा. मूळ मुलाम्याचे साठ टक्के उरलेली रायफल नव्या मुलाम्याच्या शंभर टक्क्यांपेक्षा महाग जाते. आणि घेतल्यावर पहिल्या दिवशीच सर्व ठशांचे, क्रमांकांचे आणि लाकडाखालच्या नळीचे फोटो तारखेसह जपून ठेवा. विमा, परवाना आणि पुढची विक्री, तिन्ही वेळी हेच मागितले जातात.